सांगलीत घरच्या घरी समुद्र: प्लायवूडची आठ फुटी रीफ टाकी कशी बांधायची

रीफ टाकी म्हणजे खाऱ्या पाण्यात मासे आणि प्रवाळ ठेवायची टाकी. आठ फूट लांब आणि तीन फूट रुंद अशी टाकी पूर्ण काचेची करायची म्हटलं, तर नुसत्या काचेचा आकडा ऐकूनच माणूस गप्प बसतो. ती काच उचलायला, वळवायला आणि दारातून आत घ्यायला माणसं लागतात ती वेगळीच. मासे आणि प्रवाळ यांना तळाची, मागची, बाजूची काच असली काय नि नसली काय, सारखंच. बघणारा समोरूनच बघतो. म्हणून समोर एक जाड काच आणि बाकी सगळं प्लायवूड, ही मोठ्या टाक्यांची जुनी आणि चाललेली पद्धत आहे. चार फुटांपर्यंतच्या टाकीसाठी मात्र या उद्योगात पडू नका. तिथं काचेची तयार टाकीच स्वस्त पडते.

पुढचं सगळं वाचताना एक गोष्ट धरून चाला. या टाकीत लाकडानं ताकद द्यायची आहे, पाणी अडवायचं नाही. पाणी अडवतो तो इपॉक्सीचा, म्हणजे दोन भाग मिसळून लावायच्या आणि वाळून कडक होणाऱ्या रेझिनचा थर. प्लायचा सपाट पृष्ठभाग क्वचितच दगा देतो. कापलेली कड, पाइपासाठी पाडलेलं भोक, स्क्रूचं डोकं, इथूनच पाणी शिरतं. एकदा शिरलं की बाहेर डाग दिसायच्या आधी थराथरातून फूटभर सरकलेलं असतं. म्हणून या लेखात कडा आणि भोकं यांच्यावर जास्त बोललोय, आणि लाइट, पंप यांच्यावर कमी.

जागा आधी, प्लाय नंतर

आपण धरलेलं माप बाहेरून ८ फूट × ३ फूट × ३० इंच. आतली पाण्याची उंची २६ इंच धरली तर टाकीत साधारण १३३० लिटर पाणी बसतं. खारं पाणी गोड्यापेक्षा जड, म्हणजे झाले १३६० किलो. त्यात खडक, वाळू, खुद्द टाकी, काच आणि स्टँड मिळवा, की पावणेदोन-दोन टनांचा मामला होतो. पायाखालची जागा सव्वादोन चौरस मीटर. म्हणजे दर चौरस मीटरला साधारण ८०० ते ९०० किलो. राहत्या घराचा स्लॅब दर चौरस मीटरला साधारण २०० किलोचा वापरभार धरून डिझाइन केलेला असतो. तेव्हा वरच्या मजल्याचा विचार करायचाच नाही. करायचाच झाला तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घेऊन करा.

तळमजल्यावरही नुसत्या टाइल्सवर ठेवू नका. आपल्याकडे खाली काळी माती आणि वर मुरमाची भर असते. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. जोत्यातली भर नीट दाबलेली नसेल तर एक कोपरा पाव इंच खचतो, आणि टाकीला पीळ पडायला तेवढं पुरतं. जिथं टाकी येणार तिथल्या टाइल्स काढून, भर धुमसून, जाळीसकट सहा इंची काँक्रीट ओतून घ्या. गवंड्याचं एका दिवसाचं काम आहे. त्यावर पाणी मारायचं मात्र दहा दिवस चुकवू नका.

आता सांगलीकरांची खरी अडचण. जड वस्तू तळमजल्यावर हवी आणि तळमजल्यात कृष्णा येते. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तुमचं घर गावभागात किंवा सांगलीवाडीत असेल आणि त्या वर्षी पाणी आत आलं असेल, तर ही टाकी बांधूच नका. मिरज, कुपवाड, माधवनगर अशा उंचावरच्या घरांनी जरूर बांधावी. सीमेवर असणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: पुराची भीती असताना टाकी रिकामी करायची नाही. रिकामी टाकी पाण्यावर तरंगते, भिंतीला आपटते आणि काच जाते. मासे हलवा, टाकी भरलेलीच राहू दे.

प्लाय आणि कापणी

टिंबर एरियात गेलात की ‘वॉटरप्रूफ आहे’ असं सांगून कुठलंही शीट पुढे करतील. आपल्याला हवंय ते आयएस ७१० चा शिक्का असलेलं मरीन प्लाय, १९ मिलिमीटर. आयएस ३०३ चं बीडब्ल्यूआर प्लाय स्वयंपाकघराच्या ट्रॉलीला ठीक, इथं नको. शीटची कड उजेडात धरून बघा. थरांत पोकळ्या दिसल्या तर दुसरं मागा. बोटानं टकटक करत गेलात तर पोकळ आवाज लगेच कळतो. दुकानदार वैतागतो, वैतागू दे.

आणखी एक. मरीन प्लायला बुरशी-वाळवीचं औषध दिलेलं असतं आणि त्यात तांब्याचे क्षार असू शकतात. तांबं हे कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ अशा बिनकण्याच्या जीवांना अगदी थोड्या प्रमाणातही विष आहे. इपॉक्सी अखंड हवी ती नुसत्या गळतीसाठी नाही, यासाठीही. याच कारणानं पूर्ण सिस्टीममध्ये पितळेचा एकही नळ, व्हॉल्व्ह किंवा निपल नको. प्लंबर सवयीनं लावून जातो, नंतर तपासा.

८ × ४ ची सहा शीटं लागतात. तळाला ८ × ३ चे दोन थर, पाठीला एक, समोरच्या चौकटीला दोन आणि दोन्ही बाजू मिळून एकात निघतात. समोरची चौकट पट्ट्या जोडून करू नका. अख्ख्या शीटमधून खिडकी कापून काढा, म्हणजे कोपऱ्यात सांधाच येत नाही. खिडकी ८९ × २२ इंच ठेवा: खाली आणि वर ४ इंच, बाजूंना साडेतीन. खालच्या चारपैकी दीड इंच तळाच्या जाडीवर जातो आणि अडीच इंच काचेला टेकायला मिळतो. आतून तेवढाच भाग वाळूच्या थरानं झाकला जातो. खिडकीचे कोपरे काटकोनात न कापता गोलसर कापा, ताण तिथंच एकवटतो.

तळाच्या उरलेल्या फूटभर रुंदीच्या पट्ट्या फेकू नका. त्यातून वरची कडेची फ्रेम निघते: चारही बाजूंनी ५ इंच रुंद आडवी पट्टी आणि मध्ये दोन आडवे पूल. २६ इंच पाणी समोरच्या बाजूवर साधारण ५३० किलोचा जोर लावतं. खालून तळ धरून ठेवतो, वरून मात्र आठ फूट मोकळे असतात. उभी पट्टी सहज वाकते, तीच आडवी झोपवली की बाहेरच्या दिशेला वाकायला तयार होत नाही. पूल आठ फुटांचे तीन भाग करतात.

जोडणी मरीन गोंदानं नाही, इपॉक्सीनंच करायची. इपॉक्सीत लाकडाचा बारीक भुसा किंवा सिलिका पावडर घालून श्रीखंडाइतकी घट्ट करा, दोन्ही कडांना लावा आणि दर चार इंचांवर स्क्रू मारा. स्क्रू स्टेनलेसचे, ३१६ ग्रेडचे मिळाले तर उत्तम. सुतारमामा डोळे मोठे करतील. ‘एवढं स्क्रू? घर बांधायलाय काय?’ असं एकानं विचारलंही होतं. मारू द्या. डोकी दोन-तीन मिलिमीटर आत जाऊ द्या आणि खड्डा त्याच घट्ट इपॉक्सीनं भरा. बाजारातली लांबी (पुट्टी) भरू नका, ती पाण्यात फुगते. जोडताना गुण्या लावा आणि कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे आले नाहीत तर काच कधीच नीट बसणार नाही.

भोकं

मागच्या बाजूला वर तीन भोकं पाण्याला खाली जायला आणि एक वर यायला. ही पाडायची रीत बोटी बांधणाऱ्यांची आहे आणि ती सोडू नका. टँक कनेक्टरला लागतं त्यापेक्षा अर्धा इंच मोठं भोक होलसॉनं पाडा. मागून टेप लावून ते घट्ट इपॉक्सीनं गच्च भरा आणि वाळू द्या. मग त्या इपॉक्सीच्या चकतीत पुन्हा योग्य मापाचं भोक पाडा. आता कनेक्टरभोवती लाकडाची कड कुठेच उघडी नाही, सगळीकडे पाव इंच इपॉक्सीची भिंत आहे. पुढेमागे वॉशर ढिला पडला तर थेंब जमिनीवर पडेल, प्लायमध्ये जाणार नाही.

इपॉक्सी

काम कोणत्या महिन्यात करता यावर अर्धं यश आहे. पावसाळ्यात नको. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट पातळ थर येतो, आणि त्यावर दुसरा हात दिला तर तो पापुद्र्यासारखा सुटतो. एप्रिल-मे महिन्यातही नको, कारण चाळीस अंशांत मिसळलेलं रेझिन मगातच तापतं, धूर सोडतं आणि दगड होतं. दिवाळी झाली की फेब्रुवारीपर्यंतचा काळ आपल्याकडे उत्तम.

रेझिन दोन भागांचं, शंभर टक्के घन, म्हणजे सॉल्व्हंट नसलेलं आणि पिण्याच्या पाण्याच्या टाकीला चालणारं मागा. कुपवाड एमआयडीसीत एफआरपीचं (फायबरग्लासचं) काम करणारे पॉलिएस्टर रेझिन स्वस्तात सुचवतील. टाक्या त्याच्याही होतात, पण लाकडाला त्याची पकड इपॉक्सीइतकी नसते आणि स्टायरिनचा वास बरेच दिवस जात नाही. मी पॉलिएस्टर वापरा असं म्हणणार नाही. कापड घेताना विणलेलं फायबरग्लास कापड घ्या, साधारण २०० जीएसएम. तुटक धाग्यांची चटई घेऊ नका. तिच्यातला गोंद पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही, त्यामुळे ती नीट भिजत नाही.

मिसळताना डिजिटल काटा वापरा. अंदाजे ओतणं हे चिकट राहिलेल्या टाकीचं पहिलं कारण. प्रमाण वजनाचं आहे की मापाचं, हे डब्यावर वाचा. दोन्ही वेगळे असतात. एका वेळी अर्धा किलोच्या आत मिसळा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता, म्हणजे तापत नाही.

पहिला हात दुपार कलल्यावर द्या. यामागचं कारण सुतारालाही सहसा माहीत नसतं. सकाळी दिलात तर ऊन वाढेल तशी लाकडातली हवा तापून फुगते, ओल्या थरातून बाहेर पडते आणि टाचणीएवढी भोकं ठेवून जाते. दुपारनंतर लाकूड गार होत जातं, हवा आकसते आणि रेझिन आत ओढलं जातं. कडांना दोन-तीन वेळा लावा, पितील तेवढं पिऊ द्या.

हा थर हाताला चिकटण्याइतका ओला असतानाच आतल्या सगळ्या कोपऱ्यांत घट्ट इपॉक्सीची गोलाई भरा. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा कोपऱ्यातून ओढत नेला की सुरेख गोलाई मिळते. ही नसेल तर कापड काटकोनात वळत नाही, मागे हवेची पोकळी राहते आणि नेमका सांधाच कमकुवत होतो. मग सांध्यांवर चार इंची पट्ट्या आणि त्यावर अख्ख्या आतल्या बाजूला कापड. रोलरनं दाबत जा. कापड पांढरं दिसतंय तिथं हवा आहे. पारदर्शक झालं म्हणजे भिजलं.

वर आणखी किमान तीन हात. एक युक्ती करा: शेवटच्या दोन हातांना वेगवेगळा रंग मिसळा, आधी पांढरा आणि मग निळा किंवा काळा. जिथं पांढरं डोकावतंय तिथं थर पातळ आहे, हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. दोन हातांमध्ये एका रात्रीपेक्षा जास्त वेळ गेला, तर आधी साध्या पाण्यानं आणि स्क्रबरनं धुवा, पुसा, मग पॉलिश पेपर मारा. उलट क्रमानं केलंत तर तो मेणचटपणा पेपरनं आणखी आत घासला जातो. बाहेरूनही दोन हात द्या. मास्क आणि नायट्राइलचे ग्लोव्हज हवेतच. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा लागली की कायमची.

शेवटच्या हातानंतर टाकी किमान आठवडाभर नुसती पडून राहू द्या.

काच

२६ इंच पाण्याला, चारही बाजूंनी टेकलेल्या काचेला, हिशोबानं १५ मिलिमीटर पुरते. मी १९ घ्यायला सांगेन. जाडीतले ते चार मिलिमीटर रात्रीची झोप विकत देतात. साधी फ्लोट काच घ्या, कडा घासून घेतलेली. टफन्ड काच मजबूत असते खरी, पण गेली तर एका क्षणात भुगा होऊन जाते; साधी काच आधी तडकते आणि तुम्हाला थोडा वेळ देते.

माप ९३.५ × २७ इंच, म्हणजे आतल्या लांबीपेक्षा इंचभर कमी. दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा इंच गोलाईसाठी मोकळा सुटतो. खाली छोटे प्लास्टिकचे ठोकळे ठेवून काच गोलाईच्या वर उचलून बसवा. वजन ७५ ते ८० किलो. चार माणसं आणि काच उचलायचे सक्शन कप भाड्यानं आणा.

काच चौकटीच्या आतून बसते, म्हणजे पाणी स्वतःच तिला चौकटीवर दाबतं. टाकी तोंडावर पालथी घाला, खिडकी जमिनीकडे. चौकटीच्या आतली इपॉक्सी पेपरनं खरखरीत करून स्पिरिटनं पुसा. सिलिकॉन व्हिनेगरसारखा वास येणारं आणि बुरशीनाशक नसलेलं हवं. ‘सॅनिटरी’ किंवा ‘बाथरूम’ लिहिलेलं आणू नका, त्यातलं औषध माशांना मारतं. बोटभर जाडीची सलग माळ द्या, मध्ये कुठे तुटू देऊ नका. दर फुटावर ३ मिलिमीटरचे रबरी तुकडे ठेवा, म्हणजे काचेच्या वजनानं सगळं सिलिकॉन बाहेर दाबलं जाणार नाही. काच उतरवा, समान दाबा आणि खिडकीच्या बाजूनं आरशातून बघा. काळी माळ सलग दिसली पाहिजे, चमकणारा ठिपका म्हणजे हवा. दोन दिवसांनी काचेच्या कडेनं आतून दुसरी माळ. त्यानंतर दोन आठवडे वाट.

वरची कडेची फ्रेम आणि पूल काच बसल्यावरच लावायचे. आधी लावलेत तर काच आत जाणारच नाही. पट्ट्यांना इपॉक्सीचे हात मात्र आधीच देऊन ठेवा.

तयार टाकी सव्वादोनशे किलोच्या घरात जाते. पार्किंगमध्ये बांधणार असाल तर दार, बोळ आणि वळण आधी मोजा. ३० इंची बाजू तीन फुटी दारातून जाते, पण आठ फूट लांबी बोळात वळतेच असं नाही.

स्टँड आणि पाणीचाचणी

५० × ५० × ३ मिलिमीटरचा एमएस बॉक्स पाइप, दर दोन फुटांवर पाय, वर इपॉक्सी प्रायमर आणि दोन हात रंग. फॅब्रिकेटरला सांगा की वेल्डिंग झाल्यावर वरचा भाग सपाट घासून दे. पातळी पाण्याच्या नळीनं बघा, मोबाइलवर नको. टाकीखाली अर्धा इंच थर्माकोल. भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. भिंतीतून वाळवी येते आणि मागचे सांधे बघताही येत नाहीत.

आता साधं बोअरचं पाणी भरा. पाव टाकी भरा आणि एक रात्र ठेवा, मग अर्धी, मग पूर्ण. समोरच्या वरच्या पट्टीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणून बांधा आणि मधला फरक पट्टीनं मोजून लिहून ठेवा. दोन-तीन मिलिमीटर फुगणं चालतं. रोज वाढत असेल तर रिकामी करा आणि तिसरा पूल घाला. खाली वर्तमानपत्र पसरून ठेवा, थेंब पडला की डाग राहतो. दोन आठवडे कोरडे गेले की हे पाणी बागेला सोडा.

पाइप आणि सम्प

तीन पाइप खाली सम्पमध्ये, म्हणजे टाकीखालच्या दुसऱ्या टाकीत येतात आणि तिथून पंप पाणी परत वर पाठवतो. पहिला पूर्ण भरून वाहणारा सायफन, त्यावर पीव्हीसी गेट व्हॉल्व्ह. दुसरा थोडं पाणी घेणारा, उघडा. तिसरा सगळ्यांत उंच आणि कोरडा. तो ओला दिसला म्हणजे पहिला तुंबलाय. आवाज अजिबात येत नाही आणि गोगलगाय अडकली तरी हॉल भिजत नाही.

सम्प ३५० ते ४०० लिटरचा, पण पूर्ण भरायचा नाही. या टाकीत एक इंच पाणी म्हणजे ५१ लिटर. वीज गेली की ओव्हरफ्लोच्या काठापर्यंतचं दोन इंच पाणी खाली येतं, शंभर लिटर. तेवढी जागा सम्पमध्ये कायम रिकामी हवी. परतीच्या पाइपला पाण्याच्या रेषेखाली छोटं भोक पाडा, म्हणजे उलटा सायफन तुटतो. मग स्वतः मेन स्विच पाडून बघा.

लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, सक्तीचा आहे. खारं पाणी आणि वायर एका कपाटात असतात. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबून मग वर जाऊ द्या. प्रवाहाचा एक पंप इन्व्हर्टरवर घ्या. भारनियमनात मासे गारठून नाही, ऑक्सिजन संपून मरतात.

पाणी

रत्नागिरी आंबा घाटातून फार लांब नाही, म्हणून टँकर भरून समुद्राचं पाणी आणायचा मोह सगळ्यांना होतो. किनाऱ्याजवळचं पाणी गढूळ आणि सांडपाणी मिसळलेलं असतं, पावसाळ्यात त्याचा खारेपणाही उतरतो. रीफचं तयार मीठ वापरा. मीठवाल्याकडचं जाडं मीठ म्हणजे समुद्र नव्हे; त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्कलिनिटी यांचं गणित जुळत नाही. १६०० लिटरच्या सिस्टीमला पहिल्या भरणीला साठ किलोच्या आसपास मीठ लागतं.

गोडं पाणी शून्य टीडीएसचं, म्हणजे विरघळलेले क्षार नसलेलं हवं. मिरज, वाळवा, शिरोळ पट्ट्यातली क्षारपड जमीन ज्यानं पाहिलीय, त्याला बोअरच्या पाण्यात काय विरघळलंय हे सांगायला नको. घरातलं आरओ मशीन चालत नाही, कारण त्यातला मिनरल कार्ट्रिज आणि टीडीएस कंट्रोलर क्षार परत मिसळतात. स्वतंत्र शंभर गॅलनी मेंब्रेन, बूस्टर पंप आणि शेवटी उरलेले क्षार धरणारं डीआय रेझिन लावा. दिवसाला साडेतीनशे लिटरच्या आत पाणी मिळतं; भरणी पाच-सहा दिवस चालते.

खारेपणा ३५ (किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार), म्हणजे घनता १.०२५ ते १.०२६. खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यानं नाही, ३५ च्या प्रमाणित द्रवानं जुळवा. अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४२० पीपीएम, मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या वर. हे आकडे स्थिर ठेवा. परिपूर्ण असण्यापेक्षा न हलणं महत्त्वाचं.

सांगलीचा उन्हाळा

पाणी २५ ते २७ अंशांवर राहायला हवं आणि बाहेर चाळीस. प्लाय उष्णता अडवतं, हे थंडीत वरदान आहे आणि एप्रिलमध्ये अडचण, कारण पंपांची उष्णता आतच राहते. आपला उन्हाळा कोरडा असल्यानं पंखे छान काम करतात. एक लिटर पाणी उडालं की १६०० लिटरचं तापमान एक तृतीयांश अंशापेक्षा थोडं जास्त उतरतं. पण दिवसाला दहा-पंधरा लिटर उडतं, आणि मीठ उडत नाही. भरपाई आरओच्या गोड्या पाण्यानंच, फ्लोट व्हॉल्व्ह लावून. मेमध्ये मात्र एक एचपीचा चिलर किंवा खोलीला एसी याला पर्याय नाही. २९-३० अंशांत आठवडाभर राहिलेला प्रवाळ पांढरा पडू शकतो.

खडक आणि जीव

आपला काळा बेसाल्ट घालू नका. त्याचा चुन्याशी संबंध नाही, आणि त्यातल्या खनिजांचा भरवसा नाही. माळावरची चुनखडीही नको, तिच्यात माती असते. कोरडा रीफ रॉक विकत मिळतो, किंवा घरी करता येतो: एक भाग पांढरं सिमेंट, तीन भाग शिंपल्याची ग्रिट, पोकळ्या पडाव्यात म्हणून थोडं जाडं मीठ. ही ग्रिट विट्याकडच्या कोंबडीखाद्याच्या दुकानांत पोत्यानं मिळते. नुसती ग्रिट मागा, औषध मिसळलेलं खाद्य नको. तयार खडक पाणी बदलत दीड-दोन महिने भिजवा. पीएच साडेआठच्या खाली आल्याशिवाय टाकीत नाही.

समुद्रातून उचललेला जिवंत खडक किंवा प्रवाळ घेऊ नका. कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, गोरगोनियन, समुद्री काकडी, समुद्री घोडे यांना वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षण आहे. मालवणच्या किनाऱ्यावर, जिथं १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथून काडीही उचलली तर गुन्हा आहे. आयात केलेल्या कठीण प्रवाळाला साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या परवान्याचे कागद लागतात, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्या कराराच्या यादीतल्या जिवंत प्राण्यांची नोंदणी करावी लागते. दुकानदाराकडे कागद नसतील तर परत फिरा. झोअँथिड, मशरूम, लेदर यांसारख्या मऊ, प्रवाळासारख्या जीवांवरही देखणी टाकी उभी राहते आणि ते नवशिक्याच्या चुका सोसतात. तेही कुणाच्या टाकीत वाढवलेले तुकडे घ्या. क्लाउनफिश पैदाशीचेच घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्यांच्या पैदाशीचं तंत्र केव्हाच बसवलंय.

खारं पाणी आणि खडक पडल्यावर चार ते सहा आठवडे टाकी बिनमाशांची चालवा. अमोनिया चढतो आणि उतरतो, मग नायट्राइट, शेवटी नायट्रेट राहतं. पहिले दोन शून्यावर आल्यावर दोन-तीन लहान मासे, तेही वेगळ्या टाकीत महिनाभर ठेवून. तपकिरी शेवाळ येईल, ते येणारच. औषधं ओतू नका. पहिला मऊ प्रवाळ आणखी महिन्या-दोन महिन्यांनी.

काच साफ करताना चुंबकी ब्रशमध्ये वाळूचा कण अडकला की काचेवर ओरखडा येतो, आणि इपॉक्सीच्या भिंतीवर तोच कण जास्त नुकसान करतो. भिंतींवरचं गुलाबी कवच खरवडू नका, ते वाढलं तर चांगलंच. दर सहा महिन्यांनी टॉर्च घेऊन मागचे सांधे बघा. बाहेरचा रंग कुठे फुगलाय का, हाताला थंड-ओलसर लागतंय का, एवढंच.

दर पंधरवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं, म्हणजे दीडशे लिटर. त्यात पाच किलोच्या वर मीठ असतं. ते ड्रेनेजच्या लाइनला सोडा, कुंड्यांना, नारळाला किंवा परसातल्या बोअरजवळ नको. शेतात तर मुळीच नको, तिथं आधीच ऊस पाणी पिऊन पिऊन जमीन पांढरी झालीय.